चाकाखालचे प्रश्न : फोर बाय फोर घ्यायच्या आधी

मिरग जवळ आला की या सदराच्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी मायलेज किती, हप्ता किती, पांढरा रंग घेऊ का काळा असलं विचारणारी माणसं एकदम फोर बाय फोरवर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीवर, येतात. या वेळी तीच पत्रं घेतलीयत. नावं मुद्दाम काढलीयत, कारण एकानं घरात अजून सांगितलेलंच नाहीय आणि आमच्यामुळं कळायला नको.

प्रश्न : सर नमस्कार. माझं गाव जांबोटीच्या पुढं. काजूची बाग आणि थोडं भात आहे. डांबरी सोडल्यावर लाल मातीची वाट, पावसात तिथं ट्रॅक्टरच जातोय. जुनी व्हॅन विकून यंदा फोर बाय फोर घेऊलोय. थार, जिम्नी का गुरखा? घरात आम्ही चौघं, त्यात आई थकलेली. शोरूमवाला म्हणतोय थार घ्या, रिसेल चांगलं मिळतंय. (जांबोटी भाग)

रिसेलचं विकताना बघू, आधी घेताना काय बघायचं ते बोलू. थार म्हटलं की ती फोर बाय फोरच असणार असं लोक धरून चालतात, पण १.५ लिटर डिझेलची थार फक्त मागच्या दोन चाकांवर चालते, बाहेरनं बघून फारसं कळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हापासून तर ती आणखीच स्वस्त दिसते, कारण चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसते आणि २.० पेट्रोल नाहीतर २.२ डिझेलवाली फोर बाय फोर थार ४० टक्क्यांत जाते, म्हणून किमतीचा कागद पुढं ठेवला की बोट आपोआप तिकडं जातं. तुमच्या वाटेला तिचा उपयोग नाही. लाल चिखलाच्या चढावर मागची चाकं जागेवर फिरणार आणि तुम्ही परत ट्रॅक्टरवाल्याला फोन लावणार.

दुसरी गोष्ट, ऑल व्हील ड्राइव्ह नावाच्या ज्या शहरी एसयूव्ही मिळतात त्यातल्या बहुतेकांत लो रेंज नसते, आणि तुम्हाला पाहिजे ती लो रेंजच. फोर-लो टाकलं की इंजिन तेवढंच फिरतं पण चाक निम्म्या किंवा त्याहून कमी वेगानं फिरतं आणि जोर तेवढा वाढतो. लोकांना हे चढासाठी आहे असं वाटतं. माझ्या मते खरी कमाई उतारावर आहे. ओल्या जांभ्या मातीच्या उतारावर ब्रेक दाबला की चाक घासत सुटतं आणि स्टेअरिंग कुठंही फिरवा गाडी सरळ ओढ्यात, तर फोर-लो पहिल्या गिअरमध्ये दोन्ही पाय पेडलवरनं काढून घेतले की इंजिनच गाडी धरून ठेवतं, माणूस चालेल तेवढ्या वेगानं खाली येते.

आता तिघींमधली निवड. जिम्नीचं वजन बाराशे किलोच्या आसपास, थार तिच्याहून पाचेकशे किलोनं तरी जड, गुरखा त्याहून जड. चिखलात हलकी गाडी कमी रुतते आणि रुतली तरी चार माणसं ढकलू शकतात. शिवाय जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर आणि थारची १८२०, म्हणजे जवळजवळ सात इंचांचा फरक. बागेतल्या वाटेवर एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला चर असतो तिथं हे सात इंच फार होतात. उलट बाजूही सांगतो. जिम्नीची टाकी ४० लिटरची, तीही पेट्रोल, चौघं बसले की मागं दोन पोती ठेवायला जागा उरत नाही, आणि भरलेल्या गाडीनं चोर्ल्याचा घाट चढताना ते १.५ लिटरचं इंजिन दमतं, कितीही तारीफ करा. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, जिम्नीचा २१० मिलिमीटर, थारचा २२६, गुरखाचा २३३, यावर लोक तासभर भांडतात पण तुमच्या वाटेला तिन्ही पुरतात.

गुरखाला पुढं आणि मागं दोन्हीकडं मेकॅनिकल डिफ लॉक येतो (डिफ म्हणजे डिफरन्शिअल, डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरांचा डबा), म्हणजे एक चाक हवेत लटकलं तरी दुसऱ्याला जोर मिळतोच. इतर गाड्यांत बहुतेक फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर पलीकडं पाठवतात, ते चालतं, पण जरा थांबून, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरावा लागतो. पाच दारांची गुरखा घेतलीत तर माणसं आणि माल दोन्ही बसतं. फक्त तिचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला कुठलं पडतं ते आधी स्वतः जाऊन बघून या, फोनवर विचारू नका.

माझं मत जिम्नीला, कारण चौघं जण, अरुंद वाट आणि आई. तीन दारांच्या थारमध्ये मागं बसायला पुढची सीट वाकवून चढावं लागतं, शोरूममध्ये आईला एकदा खरोखर चढवून बघा, उत्तर लगेच मिळेल. पाच दारांची थार रॉक्स आहे की असं म्हणाल, तर आहे, पण तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला आणि अंगानं ती बागेच्या वाटेची गाडी नाही. टेस्ट ड्राइव्ह मागताना फोर-लो टाकून दाखवा म्हणा. डांबरावर फिरवून आणतो म्हणाले तर नको, मागच्या मातीच्या प्लॉटवर न्या म्हणा. आणि पैसे भरायच्या आधी पाची टायर बघा, टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षभर यार्डात उन्हात पडलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारतात ते तिथं पकडता येतं.

प्रश्न : दादा, थार फोर बाय फोर बुक केलीय. डिलिव्हरीच्या आधीच लिस्ट काढलीय : स्नॉर्कल, लोखंडी बंपर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढायचं यंत्र), टपावर एलईडी बार, आणि ३३ इंची एमटी (मड टेरेन, खास चिखलाचे) टायर. मित्र म्हणतात सगळं एकदम करून टाक, परत खर्च होत नाही. क्रम सांगा. (टिळकवाडी, बेळगाव)

अरे मित्रा, क्रम असा की यातलं काहीच आधी करू नकोस. गाडी एक पावसाळा जशी आली तशी चालव. कुठं घासतेय, कुठं अडतेय ते तीच सांगेल.

कायद्याचं आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ज्या स्वरूपात मंजुरी घेतलीय त्यात आपल्या मनानं बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते चांगलं स्पष्ट करून ठेवलंय. लोखंडी बुलबारवर (तुझा बंपर त्यातलाच) तर केंद्राचा डिसेंबर २०१७ चा बंदीचा आदेशच आहे. नुसती पोलिसांची पावती फाडायचा प्रश्न नाही, त्या लोखंडामुळं पायी माणसाला जास्त लागतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेबही चुकू शकतो. टपावरच्या बारचं म्हणशील तर चोर्ल्याच्या धुक्यात तो लावलास की समोर पांढरी भिंत दिसते, धुक्यात खालचा पिवळा दिवा लागतो, वरचा पांढरा नाही.

स्नॉर्कलनं इंजिन श्वास वरनं घेतं, एवढंच. थारला कंपनीच ६५० मिलिमीटर पाणी चालतं म्हणते, ते मांडीपर्यंत आलं, त्याच्या वरच्या पाण्यात तुला जायचंय तरी कुठं? आणि पाणी फक्त इंजिनातच शिरतं असं नाही. गाडी पळून आली की डिफरन्शिअल तापलेलं असतं, तसंच गार ओढ्यात घातलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची नळी (डिफमधली हवा जायची-यायची) पाण्याखाली असली तर तिथनं नाहीतर सीलमधनं पाणी आत ओढलं जातं. बाहेरनं काही कळत नाही, गाडी मजेत चालते. महिन्यानं डिफचा वरचा प्लग काढून बोट घातलं की तेल दुधाच्या चहासारखं निघतं आणि तोपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. म्हणून स्नॉर्कलच्या आधी ब्रीदर कुठपर्यंत वर आहे ते बघून घे, आणि अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यातनं आलास की दोन्ही डिफ आणि गिअरबॉक्सचं तेल तपासून घे. उद्यमबागेतला कुठलाही जाणता मेकॅनिक चहा पिता पिता करून देईल.

टायर ही एकच गोष्ट आहे जिच्यावर मी पैसे घाल म्हणेन, पण ३३ इंची एमटी नको. तुझी गाडी वर्षातले बहुतेक दिवस काँग्रेस रोडवर, गोव्याच्या घाटात आणि ओल्या डांबरावर असणार. एमटीचे मोठमोठे गट्टू चिखलात झकास, पण ओल्या डांबरावर ब्रेक लांबतो आणि घाटाच्या वळणावर ते जाणवतं. मोठ्या टायरनं गिअरिंग बिघडतं, स्पीडोमीटर खोटं बोलतो, वळवताना आत घासतं आणि विम्यावाल्याला आयतं कारण मिळतं. कंपनीनं तुझ्या मॉडेलला दिलेल्या मापातला चांगला एटी (ऑल टेरेन, डांबर आणि माती दोन्हीचा) घे, बाजूची भिंत जाड असलेला. आपल्याकडं जांभ्याचे कोपरे टायर खालनं फाडत नाहीत, बाजूनं फाडतात. आणि स्टेपनीला पण तोच टायर. चार नवे आणि मागं लटकवलेला एक जुना हे मी खूप बघितलंय.

इंजिनाखालचा स्टीलचा गार्ड मात्र खुशाल घाल. तो कुणाला दिसत नाही म्हणून कुणी घालत नाही.

प्रश्न : आम्ही निपाणीत राहतो. स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर घ्यायचीय. कर्नाटकात टॅक्स फार, म्हणून भावाच्या कोल्हापूरच्या पत्त्यावर एमएच-०९ काढावं असं घरात चाललंय. सीमाभागात सगळेच करतात म्हणे. यजमान सैन्यात आहेत, सुट्टीत येतात. (निपाणी)

ताई, सगळे करतात हे खरं आहे, आणि का करतात तेही उघड आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीला कर्नाटकात आजीवन कर १७ टक्के, वीसच्या वर १८, त्यावर आणखी सेस. महाराष्ट्रात त्याच दहा ते वीसमध्ये पेट्रोलला १२ आणि डिझेलला १४. फरक लाखाच्या आसपास जाऊ शकतो, मोह होणारच.

पण गाडी उभी राहणार निपाणीत. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली तर कलम ४७ प्रमाणं तिथं नोंदणी करून घ्यावी लागते. म्हणजे एनओसी आणा, इथला कर भरा, मग तिकडचा परत मिळवण्यासाठी कोल्हापूरला चकरा मारा. शिवाय गाडी भावाच्या नावावर असली तर विमा त्यांच्या नावावर, क्लेमला सही त्यांची, उद्या विकताना परत त्यांनाच बोलवा. आज घरात गोडी आहे, चांगलंच आहे.

तुमच्याकडं याहून सरळ वाट आहे आणि ती घरात कुणाला सुचलेली दिसत नाही. यजमान सेवेत आहेत ना, मग त्यांच्या नावावर बीएच सिरीज, म्हणजे देशभर चालणारा भारत नंबर, काढता येतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा ते वीस लाखांना १० टक्के, वीसच्या वर १२, डिझेल असेल तर त्यावर २ टक्के जास्त. हे टक्के जीएसटी सोडून असलेल्या किमतीवर आणि पंधरा वर्षांचा हिशेब धरून लागतात, म्हणून एका वेळी भरायची रक्कम अगदी थोडी होते. बदली कुठंही झाली तरी नंबर तोच. युनिटमधनं ओळखपत्राची प्रत लागते. नाहीच जमलं तर चिकोडीला केए-२३ घ्या आणि निवांत फिरा, कोगनोळी नाक्यावर कुणी अडवलं तर काय सांगायचं हा विचार तरी डोक्यात राहणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार. नवी थार घेतलीय, मुलाबरोबर तिलारी, आंबोली, चंदगडचा कच्चा भाग फिरतो. गाडीत रिकव्हरीचं, म्हणजे रुतलेली गाडी काढायचं, सामान काय ठेवावं? बाजारात किटच्या किट मिळतात, त्यातलं किती खरं? (उचगाव)

सुभेदार साहेब, तुम्हाला सामानाची शिस्त मी काय शिकवणार, पण किटमधलं अर्धं बॅग भरायला असतं एवढं खरं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे हवा मोजायचा गेज आणि बॅटरीच्या टर्मिनलला चिमट्यानं लागणारा कंप्रेसर. चिखल लागला की टायर १८ ते २० पीएसआयवर आणा. टायर खाली पसरतो, लांबट ठसा पडतो आणि जिथं दहा मिनिटं चाक नुसतं फिरत होतं तिथनं गाडी अशी निघते की मागचा माणूस आपण ढकललं म्हणून खूश होतो. फक्त तेवढ्या हवेवर जोरात वळवायचं नाही, टायर रिममधनं सुटतो, आणि डांबराला लागल्यावर आधी हवा भरायची मग निघायचं. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर घेऊ नका, चार टायर भरेपर्यंत फ्यूज तरी जातो नाहीतर कंप्रेसर तरी.

मग दोर. ओढायचा साधा पट्टा वेगळा आणि कायनेटिक दोर वेगळा. कायनेटिक दोर ताणतो, तीसेक टक्क्यांपर्यंत, आणि त्या ताणाचा झटका रुतलेली गाडी उचलून देतो. साध्या पट्ट्याला झटका दिला तर काहीतरी तुटतं, आणि तुटलेलं लोखंड गोळीच्या वेगानं जातं हे तुम्हाला सांगायला नको. दोर कुठं अडकवायचा याकडं नीट बघा. गाडीखाली जे बारीक आकडे दिसतात ते ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी असतात, ओढायला नाहीत. टो-बॉलला (मागं ट्रॉली जोडायचा लोखंडी गोळा) तर कधीच अडकवायचं नाही, जगभर माणसं मेलीयत त्यानं. शॅकल (दोर गाडीला जोडायची लोखंडी कडी) ४.७५ टनाचे मार्क असलेले दोन घ्या, पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा मागं, नाहीतर ताण आल्यावर अशी बसते की हातोड्यानं पण सुटत नाही. दोराच्या मध्यावर ओलं पोतं नाहीतर जाड घोंगडं टाका आणि बघ्यांना दोराच्या दुप्पट लांब हाकला. आपल्याकडं बघे जमतातच, आणि बरोबर दोराच्या शेजारी येऊन सल्ला देतात.

रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सारायच्या फळ्या) एक जोडी घ्या, फावडं घ्या. विंच घ्यायचाच तर गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेचा आणि सिंथेटिक दोराचा, पण नियमानं एकटे जात नसाल, दोन गाड्या असतील, तर मी म्हणेन तो पैसा डिझेलला ठेवा. चंदगड भागात निम्म्या वेळा शेवटी ट्रॅक्टरच येतो. ट्रॅक्टरवाल्याला एकच सांगायचं, साखळी नको, आमचा पट्टा लाव, आधी सैल दोर हळू ताणून घे, मग पहिल्यात एकसारखं ओढ. त्याला झटक्यानं ओढायची सवय असते, त्याच्याकडं ट्रॉली असते, आपल्याकडं बंपर असतो. पैसे आधी ठरवा.

आणि आंबोलीला जाताना चांगल्या सुक्या डांबरावर फोर-एच (चारही चाकं, नेहमीच्या वेगाची) लावून ठेवू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळी धावतात, पार्ट टाइम सिस्टिममध्ये (पाहिजे तेव्हाच चारही चाकं जोडणारी) मधे डिफरन्शिअल नसतं, तो सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना जोर पोचवणारा डबा) साठतो. ओलं निसरडं असलं तरच.

प्रश्न : बैलहोंगलकडं शेती, काळी जमीन. पावसात शेतात जायला कुठली फोर बाय फोर चालेल? (बैलहोंगल)

कुठलीच नाही. काळी माती टायरला चिकटते, थरावर थर बसतो, चाक मडगार्डात अडकून फिरायचंच थांबतं आणि मग चार काय आठ चाकं असली तरी तेच. लाल मातीत जरा वेग ठेवला की टायर स्वतःला झाडतो, काळीत झाडत नाही. माती सुकून वापसा येईपर्यंत गाडी बांधावर लावा आणि चालत जा. खोटं बोलून गाडी विकणारे खूप भेटतील तुम्हाला.

प्रश्न : भीमगडच्या जंगलात ऑफरोडिंगला जायचा आमच्या ग्रुपचा प्लॅन आहे. कणकुंबीकडनं जाऊ का हेमाडगाकडनं? (खानापूर)

कुठूनच नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत जाणं हाच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा, रस्ता सोडून गाडी घालणं लांबच. बारापेडेच्या गुहेत राटनचं वटवाघूळ राहतं, फार मोजक्या ठिकाणी सापडणारं, त्याला तुमच्या म्युझिक सिस्टिमची गरज नाहीय. दुसरं असं की आमगाव, गवळीसारख्या गावांना पावसाळ्यात त्याच वाटा लागतात, माणूस आजारी पडला तर डोलीतनं आणतात. तुम्ही मजा म्हणून चाकोरी दीड फूट खोल करून यायची आणि त्यांनी त्यातनं पेशंट आणायचा? ओळखीच्या कुणाचं पडीक रान, बंद पडलेली चिऱ्याची खाण, मालकाला विचारून जा. खाणीचा उतार तर शिकायला सगळ्यात भारी, आणि फसलात तरी डांबरी जवळ.

प्रश्न : नदीकाठचं गाव आमचं. दरवर्षी पुलावर पाणी येतं, पुलावरनं चार-पाच दिवस जाता येत नाही. आता थार आहे तर फूटभर पाण्यातनं काढायला हरकत नाही ना? विम्यात सगळं कव्हर आहे असं एजंट म्हणाला. (चिकोडी तालुका)

हरकत आहे. साचलेलं पाणी आणि वाहणारं पाणी एक नव्हे. कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे पूल दरवर्षी पाण्याखाली जातात आणि तिथलं पाणी आडवं ढकलतं. कंपनीचे ६५० मिलिमीटर स्थिर पाण्यासाठी समजायचे, वाहत्या पाण्यात दीड फुटाला थार हलकी व्हायला लागते, कठडा नसलेल्या पुलाची कड गढूळ पाण्यात दिसत नाही आणि खालचा भराव वाहून गेलाय का तेही कळत नाही. चार दिवस लांबनं फिरून जा.

विम्याचं म्हणाल तर एजंटला 'सगळं' म्हणजे काय ते पॉलिसीत बोट ठेवून दाखवायला सांगा. साध्या पॉलिसीत पाण्यानं इंजिन गेलं तर बहुतेक वेळा हात वर करतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, तुमच्या गावाला तर ते लागतंच. बाहेरनं काही बसवलं असेल तर कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. आणि कधी पाण्यात गाडी बंद पडलीच तर परत स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग सर्वेयर येऊन पहिलं हेच विचारतो की बंद पडल्यावर चावी फिरवली होती का. ढकलून बाहेर काढा, फोटो काढा, बॅटरीची वायर सोडा आणि टोइंगला फोन करा.